ओळीच्या वरची पेन्सिल: सेमीतल्या एका मुलीच्या इंग्रजी वाचनाचं प्रकरण

आठवीतली एक मुलगी मला विज्ञानाच्या पुस्तकातला 'बल आणि दाब' हा धडा वाचून दाखवत होती. ती सेमीला, त्यामुळे पुस्तक इंग्रजी. 'बॉयंट फोर्स', 'इनर्शिया', 'डेन्सिटी' असे शब्द ती घडाघडा वाचत होती. मी खूश होतो. निवृत्तीनंतर मी गावातल्या वाचनालयात संध्याकाळी मुलांचं वाचन घेतो. इतकं सफाईनं वाचणारं पोर महिन्यातून एखादं भेटतं.

मग एक गोष्ट खटकली. तिची नजर ओळीवरून सरकत नव्हती. ओळीच्या किंचित वरून सरकत होती.

मी पुस्तक हातात घेतलं. छापील ओळींच्या मधल्या पांढऱ्या जागेत पेन्सिलीनं बारीक देवनागरी लिहिलेलं होतं, दर ओळीत चार-पाच शब्दांवर. 'बॉयंट', 'इनर्शिया', 'सरफेस', 'डिटर्मिन'. काही ठिकाणी दोन वेगळी हस्ताक्षरं होती, कारण पुस्तक मोठ्या चुलतबहिणीकडून आलेलं. एका पिढीचे उच्चार दुसरीला वारशात मिळाले होते.

मी मोबाइलवर ई-बालभारतीची पीडीएफ उघडली. तोच धडा, तेच पान, फक्त कोरं.

"आता हे वाच."

पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत ती थांबली. "ब... ब्यु... सर, हा शब्द आम्हाला नाहीये."

"अगं, आत्ताच तर वाचलास."

तिनं आपलं पुस्तक ओढून घेतलं आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून बोट फिरवलं. "हाच आहे का हा?"

माझ्यासाठी सगळं प्रकरण या एका प्रश्नात आहे. जून ते ऑगस्ट या काळात तिनं तो शब्द पंधरा-वीस वेळा तरी 'वाचला' असेल. डोळ्यांनी तो पाहिला एकदाही नव्हता.

मूळ तक्रार वेगळीच होती

तिला माझ्याकडे पाठवलं ते वाचनासाठी नाही. पहिल्या घटक चाचणीत विज्ञानात गुण कमी पडले होते आणि विज्ञानाच्या बाईंना ते पटत नव्हतं, कारण वर्गात तोंडी विचारलं की ही मुलगी नीट उत्तर देते. आधी मराठीत, मग मोडक्या इंग्रजीत, पण बरोबर. तिची उत्तरपत्रिका मी पाहिली. जिथं उत्तर लिहिलं होतं तिथं ते बहुधा बरोबर होतं. जिथं कोरं होतं तिथं प्रश्नाचं पहिलंच क्रियापद तिला ओळखता आलं नव्हतं. 'डिटर्मिन', 'डिस्टिंग्विश', 'जस्टिफाय'. धड्यातले भारदस्त शब्द क्लासमध्ये घोकून झालेले असतात. प्रश्नांची क्रियापदं कुणी घोकून घेत नाही. शिवाय प्रश्नपत्रिकेत ओळींवर पेन्सिल नसते.

घरी इंग्रजी नाही. आई शिवणकाम करते, वडील मालवाहू टेम्पो चालवतात. चौथीपर्यंत सगळं मराठीतून, पाचवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. इंग्रजी विषय मात्र पहिलीपासून, कारण महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही तो पहिलीपासूनच आहे. मराठी वाचन उत्तम, रविवारची पुरवणी ती माझ्याआधी फस्त करते. म्हणजे वाचता न येणारी मुलगी ही नव्हे. एका भाषेत पट्टीची वाचक, दुसऱ्या भाषेत पेन्सिलीवर उभी.

पेन्सिलीची सवय लागली ती शिकवणीच्या क्लासमध्ये. तिथं धडा सुरू करण्याआधी उच्चार सांगतात आणि मुलं लिहून घेतात. याला लगेच नावं ठेवू नयेत. पन्नास मुलं, पोर्शन संपवायचा, आणि निम्म्या मुलांची दातखीळ पहिल्याच ओळीला बसते. वर देवनागरी लिहिलं की दहा मिनिटांत सगळा वर्ग वाचायला लागतो. क्लासमधल्या सरांना ते दिसतं, पालकांनाही दिसतं. दिसत नाही ते पुढचं.

मराठी वाचकाचा विश्वास

मराठी पोरानं वाचायला शिकणं म्हणजे लांबचा पण सरळ रस्ता. मुळाक्षरं, बाराखडी, मग जोडाक्षरं. कानडी शाळांतल्या मुलांवर वाचनाच्या संशोधक सोनाली नाग यांनी काम केलंय. त्यांना दिसलं की अक्षरं पुरती आत्मसात व्हायला चौथी-पाचवी उजाडते, कारण चिन्हंच शेकड्यांनी असतात. आपल्याकडेही 'क्ष', 'ज्ञ', रफार, 'त्र्य' यांत मुलं बरीच वर्षं रेंगाळतात. पण एकदा रस्ता संपला की तो दगा देत नाही. समोर आलेला कुठलाही नवा शब्द वाचता येतो, अर्थ कळो न कळो. 'बॉयंट फोर्स'चं मराठी नाव 'प्लावक बल' ती पहिल्या फटक्यात वाचते, प्लावक म्हणजे काय हे माहीत नसताना.

इंग्रजीत तसं नाही. २००३ साली सेमूर आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या अनेक भाषांतल्या मुलांची पहिल्या वर्षाअखेर तुलना केली. ग्रीक, फिनिश, जर्मन मुलं ओळखीचे शब्द वाचण्यात नव्वद टक्क्यांच्या पुढे होती. स्कॉटलंडची इंग्रजी वाचणारी मुलं ३४ टक्क्यांवर. आणि ती तर घरी इंग्रजी बोलणारी.

मात्र मराठीही वाटते तितकी सरळ नाही, आणि माझ्या मते यातच मेख आहे. 'हे जग' आणि 'तू जग' यांतला 'ज' एकसारखा लिहितो, वेगळा बोलतो. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च'ही तसाच. कुठे टिंब देऊन सांगतो का आपण? नाही. वाचणाऱ्याला शब्द कानानं आधीच ठाऊक असतो, म्हणून तो मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळायचा हेही कागदावर लिहिलेलं नसतं. डोळा थोडं चुकतो, कान सांभाळून घेतो. हे इतकं सहज घडतं की आपली लिपी शंभर टक्के उच्चाराबरहुकूम आहे, असं आपण छातीठोकपणे सांगत राहतो.

प्रेशर आणि डिटरमाइन

कोऱ्या पानांवर आठवडाभर मी तिला फक्त वाचू दिलं आणि चुका टिपल्या. त्या चुका सरळ दोन ढिगांत पडल्या.

पहिला ढीग 'प्रेशर'चा. पी-आर-ई-डबल एस-यू-आर-ई. तिनं आधी वाचलं 'प्रेस्सुरे'. क्षणभर थांबली, हसली, "अय्या, प्रेशर! कुकरचं." त्यानंतर त्या पानावर तो शब्द चार वेळा आला, चारही वेळा ती थेट 'प्रेशर' म्हणाली. मी काहीच सांगितलं नव्हतं. 'टेम्परेचर', 'करंट', 'सर्किट', 'मॅग्नेट' यांचंही असंच झालं. हे शब्द तिच्या घरात, वडिलांच्या टेम्पोत, वायरमनच्या तोंडी होते. कान त्यांना ओळखत होता, डोळ्यांशी फक्त गाठ पडायची बाकी होती.

दुसरा ढीग 'डिटर्मिन'चा. डी-ई-टी-ई-आर-एम-आय-एन-ई. तिनं वाचलं 'डिटरमाइन'. शेवटी 'लाइन'सारखा, 'माइन'सारखा. अगदी तर्कशुद्ध चूक. पण इथं थांबणं नाही, हसणं नाही. 'डिटरमाइन' म्हणून ती पुढे निघून गेली, कारण तिच्या कानात त्या शब्दाची जागाच नव्हती. चुकीला अडवणारं कुणी दारात उभं नव्हतं. 'इनर्टिया', 'मस्कल', 'ब्युओयांट' हे सगळे याच ढिगात.

इस्रायलचे वाचन-संशोधक डेव्हिड शेअर यांनी १९९५ साली मांडलेली एक कल्पना इथं अगदी चपखल बसते. त्यांचं म्हणणं असं की मूल लिखित शब्द शिकतं ते कुणी शिकवून नाही, स्वतःच स्वतःला शिकवून. नवा शब्द दिसला की मूल अक्षरांना आवाज देत तो फोडतं, आणि त्या फोडण्याच्या खटाटोपातच अक्षरांचा क्रम मनात ठसतो. दर यशस्वी फोड म्हणजे एक छोटा धडा. पुढे १९९९ साली त्यांनी हिब्रू वाचणाऱ्या दुसरीच्या मुलांवर याची परीक्षा घेतली. गोष्टीत बनावट नावं घातली आणि तीन दिवसांनी तपासलं. तोच उच्चार असलेल्या पण वेगळ्या लिहिलेल्या शब्दांतून मुलांनी गोष्टीतलंच स्पेलिंग बरंचसं ओळखलं. अक्षरांना मनात आवाज देण्यात अडथळा आणला, की हे शिकणं ढेपाळलं.

आपल्या मुलीला हे लावून बघा. 'प्रेशर'च्या वेळी तिनं शब्द फोडला, अर्धामुर्धा आवाज निघाला, कानातल्या साठ्यानं तो पकडला आणि स्पेलिंग ठसलं. 'डिटर्मिन'च्या वेळी फोडला, पण पकडायला कुणी नाही, म्हणून चुकीचा उच्चार कायमचा झाला. मातृभाषेत वाचणारं मूल आणि दुसऱ्या भाषेत वाचणारं मूल यांच्यात मला दिसणारा सगळ्यात मोठा फरक हाच. अक्षरं दोघांनाही येतात. एकाच्या कानात कित्येक हजार शब्द आधीपासून वाट बघत बसलेले असतात, दुसऱ्याच्या कानात कुकरचं प्रेशर आणि रिक्षाचं मीटर.

(माझंही सांगून टाकतो. पावतीच्या इंग्रजी शब्दातला 'पी' मी कॉलेज संपेपर्यंत ठणकावून उच्चारत होतो, आणि मी इंग्रजीचा शिक्षक झालो. आमच्या पिढीचं इंग्रजी कानातून नाही, छापील पानातून आलं. महाराष्ट्रभर 'व्हेजिटेबल'मध्ये 'टेबल' ऐकू येतं त्याचं कारणही हेच. टेबल सगळ्यांना ठाऊक होतं.)

मग पेन्सिलीचं काय बिघडलं?

वर वर पाहिलं तर पेन्सिल नेमकी हीच उणीव भरून काढते. कानात जो उच्चार नाही तो कागदावर आणून ठेवते. मग अडचण कुठे आली?

अडचण अशी की ती उच्चार फार लवकर आणि फार पूर्ण देते. देवनागरी हे उच्चार टिपण्याचं इतकं सोयीचं साधन आहे की इंग्रजीच्या दोन स्वरांसाठी आपण 'ॲ' आणि 'ऑ' ही चिन्हंसुद्धा करून घेतली. मराठी डोळा देवनागरीकडे खेचला जातोच, ते थांबवता येत नाही. वर 'बॉयंट' लिहिलेलं असताना खालच्या सात अक्षरांशी झटापट करण्याचं कारणच उरत नाही. शब्द तोंडातून बाहेर पडतो, अक्षरं जागच्या जागी राहतात. शेअर ज्याला शिकणं म्हणतात तो खटाटोपच रद्द होतो.

कुणी जपानी पुस्तकांचा दाखला देईल. तिथं मुलांच्या पुस्तकांत अवघड चिन्हांवर बारीक उच्चार छापलेला असतो आणि मुलं शिकतातच की. पण त्यांच्या मूळ चिन्हात उच्चार असा फारसा दिसत नाही, तो कुणीतरी सांगावाच लागतो. इंग्रजी अक्षरं उच्चार सांगतात. अर्धवट सांगतात, कधी खोटंही सांगतात, पण सांगतात. ते ऐकायची सवय लागणं हेच तर वाचन.

माझा अंदाज तपासायला मी एक घरगुती गोष्ट केली. तिला अजिबात माहीत नसलेले काही शब्द घेऊन दोन लहान उतारे लिहिले. एकात अवघड शब्दांवर देवनागरी लिहून दिलं. दुसऱ्यात ते कोरे ठेवले, तिला आधी आपल्या मनानं मोठ्यानं वाचायला लावलं आणि मग बरोबर उच्चार सांगितला. दोन्हींत मराठी अर्थ समासात होते. चार दिवसांनी प्रत्येक शब्दाची तीन-चार स्पेलिंगं समोर ठेवून खरं ओळखायला सांगितलं. एका मुलीवर केलेल्या याला प्रयोग म्हणणं धाडसाचं होईल, म्हणून आकडे देत नाही. पण फरक बघण्यासारखा होता. पहिल्या उताऱ्यातल्या शब्दांवर तिचं बोट दोन पर्यायांत घुटमळत राहिलं, आणि शेवटी ती उच्चाराला जास्त जवळचं, म्हणजे हमखास चुकीचं, स्पेलिंग उचलायची. दुसऱ्या उताऱ्यातल्या शब्दांवर बोट बहुतेक वेळा थेट जायचं. एकदा म्हणाली, "हा तो. यातच तो आगाऊ 'यू' होता." वाचताना ज्या 'यू'नं तिला छळलं होतं, तोच लक्षात राहिला.

अर्थाच्या बाबतीत मात्र दोन्ही उतारे सारखेच. समासातले मराठी अर्थ तिला दोन्हींकडे बऱ्यापैकी आठवले. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण शुद्धतावादी मंडळी इथं घाई करतात: पुस्तकात मराठी नकोच, इंग्रजीचा विचार इंग्रजीतच करा. समासातला मराठी अर्थ आणि शब्दावरचा देवनागरी उच्चार या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या भाषेतला शब्द सुरुवातीला मातृभाषेतल्या शब्दाचा हात धरूनच मनात शिरतो, असं क्रोल आणि स्ट्युअर्ट यांनी १९९४ सालीच मांडलं. १९९६ साली हुलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी फ्रेंच वाचणाऱ्या डच विद्यार्थ्यांत पाहिलं की समासात अर्थ दिल्यानं शब्द जास्त लक्षात राहतात. समासात जाऊन डोळा परत शब्दाकडे येतो. शब्दाच्या डोक्यावर बसलेल्या उच्चाराकडून तो परत येत नाही.

लिहायचं नाव, बोलायचं नाव

पेन्सिल बंद करा, असं मी पुन्हा सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात सांगून बघितलं होतं. तिनं निमूट मान डोलावली आणि घरी जाऊन दुसऱ्या प्रतीवर लिहिलं.

मग वेळ बदलली आणि जागा लहान केली. आधी शब्द स्वतःच्या हिमतीवर मोठ्यानं वाचायचा, चुकला तरी चालेल. मग बरोबर उच्चार ऐकायचा. आणि मग पेन्सिल चालवायची ती फक्त जिथं फसगत झाली त्या तुकड्यावर. 'इनर्शिया'मध्ये सगळा शब्द लिहायचा नाही, फक्त टी-आय-एच्या डोक्यावर 'शिया'. 'इनर' तिला येतच होतं. आर्किमिडीज आणि पास्कल यांची नावं मात्र सरळ पूर्ण लिहून घेतली. माणसांच्या नावांशी कुस्ती खेळून काही मिळत नाही.

तुकड्यांनी वाचणं तिला लगेच मानवलं. टी-आय-ओ-एन म्हणजे 'शन', हे तिला स्टेशनमुळे ठाऊकच होतं. त्यावरून 'फ्रिक्शन', 'मोशन', 'डायरेक्शन' एका दमात पार पडले. इंग्रजीत एकेका अक्षराला धरून बसलं की माणूस फसतो. तीन-चार अक्षरांचा घास एकदम घेतला तर भाषा बरीच नियमानं चालते. झिग्लर आणि गोस्वामी यांनी २००५ साली हेच विस्तारानं मांडलं. मराठी वाचकाला बाराखडीमुळे घास लहान घ्यायची सवय असते. ती बदलायची म्हणजे जीभ नाही, डोळे वळवायचे असतात.

दुसरी युक्ती तिचीच, मी फक्त तिला नाव दिलं. बुधवारचं स्पेलिंग पाठ करताना आपल्याकडे पोरं 'वेड-नेस-डे' म्हणतात. बोलताना 'वेन्सडे', लिहिताना 'वेडनेसडे'. ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. शब्दाला दोन नावं द्यायची, एक बोलायचं आणि एक लिहायचं. उच्चारात न ऐकू येणारी अक्षरं लिहायच्या नावात जिवंत राहतात. लिनिया एरी यांनी एका सहकाऱ्यासोबत १९८४ सालीच तपासलं होतं की शब्द स्पेलिंगबरहुकूम उच्चारल्यानं स्पेलिंग लक्षात राहायला मदत होते. आणि मराठी मुलाच्या तोंडी स्पेलिंगबरहुकूम उच्चार आपसूक येतो, तो चूक म्हणून झटकून टाकण्यापेक्षा राखून ठेवावा. 'ब्युओयांट' हे लिहायचं नाव, 'बॉयंट' बोलायचं. 'मस्कल' लिहायचं, 'मसल' बोलायचं. दोन्ही वहीत शेजारी शेजारी.

मराठी पारिभाषिक शब्दांचा उपयोग मला वाटलं होतं त्याहून जास्त झाला. 'प्रकाशसंश्लेषण' आणि 'फोटोसिन्थेसिस' यांची हाडं सारखीच. प्रकाश आणि फोटो, संश्लेषण आणि सिन्थेसिस. तिला फोटो म्हणजे भिंतीवरचा फोटो एवढंच ठाऊक. तो प्रकाशानं काढतात म्हणून फोटो, हे सांगितल्यावर ती जरा वेळ गप्प बसली. 'थर्मामीटर'ला थर्मास आणि विजेचं मीटर धावून आले. पण 'प्लावक बल' काही 'बॉयंट फोर्स'च्या मदतीला आलं नाही, कारण मुळात प्लावकच परकं. तिथं विहिरीत बुडवलेली घागर पाण्यात असेपर्यंत हलकी का लागते, इथूनच सुरुवात करावी लागली. संस्कृत परिभाषा मराठी मुलांना आपोआप कळते, हा एक गोड गैरसमज आहे.

आईचं म्हणणं

तीन आठवड्यांनी तिची आई वाचनालयात आली. शिलाईचं माप घ्यायची टेप गळ्यात तशीच.

"सर, तुम्ही पुस्तकावर लिहू नको म्हणालात म्हणे. पोरगी आधी भराभर वाचायची, आता एका पानाला अर्धा तास लावते. सहामाही तोंडावर आलीय."

खोटं काहीच नव्हतं. वेग पडला होता. मी त्यांना कोरी प्रश्नपत्रिका दाखवली आणि म्हणालो, "ताई, इथं वर लिहून द्यायला कुणी नसतं." त्या म्हणाल्या, "ते कळतंय हो, पण सहामाहीला नापास झाली तर तिचे वडील सेमी सोडायला लावतील." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तडजोड केली. क्लासचं पुस्तक क्लाससारखं, पूर्ण उच्चार लिहिलेलं. माझ्याकडची छापील पानं माझ्या पद्धतीनं, रोज एकच पान. आणि सहामाहीच्या आधीचे दहा दिवस माझी पानं बंद. शास्त्राला धरून हे नव्हतं, पण घराला धरून होतं.

रोज एक पान म्हणजे फार थोडं, याची मला धास्ती होती. नुसत्या वाचनातून शब्द किती टिकतात याचा हिशेब निराश करणारा आहे. २००३ साली वेअरिंग आणि ताकाकी यांनी जपानी विद्यार्थिनींना सोप्या इंग्रजीतली एक गोष्ट वाचायला दिली, त्यात पंचवीस अनोळखी शब्द पेरले होते. तीन महिन्यांनी अर्थ आपणहून आठवला तो सरासरी एकाच शब्दाचा. आठपेक्षा कमी वेळा भेटलेल्या शब्दांपैकी एकही नाही. म्हणून नवीन धड्यांमागे न धावता मी तेच शब्द पुन्हा पुन्हा येतील अशी पानं निवडली. सुदैवानं विज्ञानाचं पुस्तक याबाबतीत गोष्टीपेक्षा दयाळू असतं. 'प्रेशर'च्या धड्यात 'प्रेशर' दर चौथ्या ओळीला भेटतं. प्रश्नांची क्रियापदं मात्र धड्यात क्वचितच येतात, बहुतेक स्वाध्यायात असतात आणि तीही एकेकदाच. त्यांच्यासाठी जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि फक्त प्रश्न वाचले, उत्तरं न लिहिता. हे काम तिला सगळ्यात कंटाळवाणं वाटलं आणि माझ्या मते सर्वांत जास्त उपयोगी पडलं.

मधल्या काळात एक गंमत कळली. हिंदीच्या पुस्तकात तिची अडचण बरोबर उलटी होती. तिथं लिपी तीच, त्यामुळे डोळा भरधाव जातो आणि अर्थ घसरतो. 'शिक्षा' (हिंदीत शिक्षण) वाचलं की तिला छडी दिसायची, 'चेष्टा' (हिंदीत प्रयत्न) वाचलं की कुणीतरी कुणाची तरी टर उडवतंय असं वाटायचं. इंग्रजीत शब्द दारातच अडतो, हिंदीत न विचारता माजघरात शिरतो. एकाच मुलीच्या दोन 'दुसऱ्या' भाषा, आणि दोन्हींची दुखणी वेगळी. दुसरी भाषा वाचायला असं-असं शिकवावं, असं सरसकट सांगणाऱ्यांवर तेव्हापासून माझा विश्वास जरा कमी झालाय.

सहामाहीत ती बेताचीच पास झाली. दिवाळीनंतर पानं पुन्हा सुरू झाली. जानेवारीच्या सुमाराला वेग परत आला, पण पहिल्यासारखा सरसर नाही. अडखळते, मागे जाते, पुन्हा घेते. आता तिची नजर ओळीवर असते. 'डिटर्मिन' बोलताना अजूनही दहातल्या निम्म्या वेळा 'डिटरमाइन' होतं. लिहिताना चुकत नाही. मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.

मार्चमध्ये ती मानवी शरीराच्या धड्याची पानं घेऊन आली, श्वसनसंस्थेची. घरी एकटीनंच वाचून आणली होती, तिच्याच पेन्सिलीनं. अख्ख्या पानावर खुणा मोजक्या. एका पी-एचच्या डोक्यावर 'फ', कुठे सी-एचवर 'क'. आणि 'डायफ्रॅम' या शब्दात, डी-आय-ए-पी-एच-आर-ए-जी-एम, त्यातल्या 'जी'वर एक बारीकशी फुली.

"ही फुली कुणी शिकवली?"

"कुणी नाही. ते अक्षर बोलतच नाही ना सर, मग त्याच्यावर काय लिहिणार?"